मधुमेह आणि हिरड्या: खुर्चीत बसल्या बसल्या विचारले जाणारे प्रश्न

शुगर निघाली की माणसाच्या तपासण्यांची एक रांगच लागते. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, तळपायाची संवेदना, वर्षातून एकदा ईसीजी. तोंड उघडून दाखवा असं मात्र क्वचितच कुणी म्हणतं. त्यामुळे हिरड्या बिघडलेला मधुमेही माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा उशिरा, दोन-तीन दात हलायला लागल्यावर. हिरड्यांचे विकार हा माझा रोजचा विषय आहे आणि दवाखाना तालुक्याच्या गावात, त्यामुळे खालचे प्रश्न पुस्तकातून काढलेले नाहीत. लोक जसे विचारतात तसेच ठेवले आहेत.

माझा दात दुखतोय. त्यात शुगर आहे की नाही हे कशाला विचारता?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, वरून हिरडीची घट्ट कॉलर असते. त्या कॉलरच्या काठाशी जंतूंचा चिकट थर साचत राहिला की हिरडी सुजते. सूज महिनोन्‌महिने राहिली की हिरडी दातापासून सुटते आणि तिथे खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ४ च्या पुढे गेली की खिसा, आणि ६-७ झाली की आत ब्रश पोचतच नाही. खाली हाड झिजत जातं. यालाच आपण पायोरिया म्हणतो.

आता यात शुगर कुठे आली? रक्तातली साखर सतत जास्त राहिली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. हिरडी ज्या कोलॅजनची बनलेली असते त्याची डागडुजी नीट होत नाही. शिवाय साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटून जे पदार्थ तयार होतात ते सूज विझू देत नाहीत. थोडक्यात, जंतू सगळ्यांच्याच तोंडात तेच असतात, पण मधुमेह्याचं शरीर त्यांना जास्त आणि जास्त वेळ भडकून उत्तर देतं. त्या भडक्यात हाड जातं.

मधुमेह नसलेल्यांपेक्षा मधुमेह्यांना हा आजार होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट असतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा लोकांमध्ये टाइप २ मधुमेह फार मोठ्या प्रमाणावर आहे. त्यांच्यावरच्या दीर्घ अभ्यासांतून हे आकडे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आले. १९९३ मध्ये हॅराल्ड लो या नॉर्वेजियन दंतवैज्ञानिकाने हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. आधीच्या पाच म्हणजे डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखम न भरणं. पाच जणांना सगळे ओळखतात. सहावी तीस वर्षं उलटून गेली तरी रांगेबाहेरच उभी आहे.

म्हणजे शुगरमुळे हिरड्या बिघडतात. हिरड्यांमुळे शुगरही वाढते का?

वाढते. ही उलटी वाट लोकांना खरी वाटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सगळ्या दातांभोवतालचे खिसे उघडून एका सपाटीवर पसरले तर सुजलेल्या भागाचं क्षेत्रफळ किती होईल? पूर्वी आम्हाला "तळहाताएवढं" असं शिकवायचे. नीट मोजल्यावर ते ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरलं, म्हणजे दहा रुपयांची दीड ते साडेतीन नाणी. तळहाताएवढं नाही, पण पायाच्या पोटरीवर एवढी वाहती जखम असती तर तुम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडातली ही जखम दिसत नाही आणि दुखत नाही. तिथून जंतूंचे अंश आणि सूज वाढवणारी रसायनं रात्रंदिवस रक्तात उतरत राहतात. ती रसायनं इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. मग गोळ्या त्याच, पथ्य तेच, आणि आकडा मात्र वर.

त्याच पिमा लोकांमध्ये असंही दिसलं की ज्यांच्या हिरड्या सुरुवातीलाच फार बिघडलेल्या होत्या, त्यांची शुगर पुढच्या वर्षांत हाताबाहेर जाण्याचा धोका जास्त होता.

मग हिरड्यांवर उपचार केले तर शुगर उतरते का? इथे मी हातचं राखून बोलतो, कारण सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. त्यावर बरीच टीका झाली, कारण उपचारानंतरही त्या रुग्णांच्या तोंडात थर आणि रक्तस्राव भरपूर शिल्लक होता. घर अर्धवट झाडून "झाडूने काही होत नाही" म्हणण्यासारखं ते झालं. २०१८ मध्ये लंडनच्या चाचणीत २६४ जणांपैकी ज्यांच्यावर कसून उपचार केले, त्यांचं एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्त तपासणी) वर्षअखेर दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी भरलं. आणि २०२२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ३५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तीन-चार महिन्यांनंतरची सरासरी घट ०.४३ टक्के निघाली.

०.४३ म्हणजे किती? शुगरची एखादी नवी गोळी सुरू केली की साधारण अर्धा ते एक टक्का उतार धरतात. म्हणजे हिरड्यांची सफाई त्या गोळीच्या जवळपास पोचते. पण म्हणून गोळी बंद करायची नाही, हे प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं.

माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे. मलाही धोका?

तुमचा धोका मधुमेह नसलेल्या माणसाच्या जवळपास येतो. दात नीट घासत असाल आणि तंबाखू नसेल तर खरंच निश्चिंत राहा, वर्षातून दोनदा दाखवलं की झालं. फक्त "कंट्रोलमध्ये" म्हणजे काय ते आधी बघू. सकाळी उपाशीपोटी ११० आली म्हणून कंट्रोल म्हणणारे आणि एचबीएवनसी ८.५ असणारे मी आठवड्याला भेटतो.

दुखत तर नाही. मग रोग आहे हे ओळखायचं कसं?

दुखत नाही हीच या आजाराची लबाडी. किडलेला दात रात्री झोपू देत नाही, म्हणून त्याच्यासाठी माणूस धावतो. हिरड्यांचा आजार मुकाट्याने हाड खातो.

पेरू चावल्यावर फोडीवर लाल डाग दिसतो का? सकाळी उशीवर लाळेत गुलाबी छटा? दात पूर्वीपेक्षा लांब दिसायला लागलेत? (दात वाढत नाहीत, हिरडी खाली सरकते.) एकाच फटीत रोज मेथीची काडी अडकते? वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये पूर्वी नसलेली फट पडली? ही शेवटची खूण मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. लोक ती फट "भाग्याची" म्हणून सोडून देतात. जन्मापासून असेल तर ठीक, पण पन्नाशीत पडलेली फट ही हाड गेल्याची खूण असते.

एकाच जागी हिरडीवर पुन्हा पुन्हा पुवाची पुळी येत असेल, तर शुगर तपासलेली नसली तरी तपासून घ्या.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येण्याची वाटच पाहू नये. धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत खिसे खोल असले तरी रक्त येत नाही आणि माणूस गाफील राहतो.

ब्रश केला की रक्त येतं, म्हणून मी ब्रश सोडून बोटाने मंजन लावतो. बरोबर ना?

उलटं केलंत. हिरडी सुजली आहे म्हणून रक्त येतं, आणि सुजली आहे कारण काठावर थर साचलाय. बोट गुळगुळीत भागावर फिरतं, फटीत शिरत नाही. ब्रश सोडला की थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं.

याचा पुरावा जुना आहे आणि मला तो फार आवडतो. वर ज्यांचं नाव आलं त्या लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर सूज ओसरली. औषध नाही, गोळी नाही.

मऊ ब्रश घ्या. केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरके टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढा. आडवं, घरासमोरची पायरी घासल्यासारखं नको. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ आटते. दातांमध्ये फटी पडल्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशसारखे छोटे ब्रश मेडिकलमध्ये मिळतात, मोठ्या फटींना दोऱ्यापेक्षा ते चांगले. पहिले आठ-दहा दिवस रक्त येत राहील, घाबरू नका. पंधरा दिवसांनंतरही येत असेल तर आत कीटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर, आहे. ते घासून जाणार नाही.

आमच्या आजोबांनी आयुष्यात ब्रश धरला नाही. ऐंशीव्या वर्षी ऊस खायचे.

खायचे असतील. श्रीलंकेच्या चहामळ्यातल्या ४८० पुरुष मजुरांना १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं तपासलं गेलं. दात घासणं जवळपास नाही, दवाखाना नाही. त्यातल्या ८ टक्क्यांची हाडं झपाट्याने गेली, ८१ टक्क्यांची हळूहळू, आणि ११ टक्क्यांची हिरडी सुजण्यापलीकडे काही बिघडलं नाही. तुमचे आजोबा त्या अकरांतले. पण त्यांना शुगर होती का? तुम्हाला आहे. मधुमेह माणसाला त्या आठ टक्क्यांच्या दिशेने ढकलतो.

आई मिशरी लावते. म्हणते, त्यानेच दात टिकलेत.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी हिरड्यांवर चोळायची. आपल्याकडे गावोगावच्या बायका हे दात घासणं समजूनच करतात. कुणी एकदा, कुणी दिवसातून चार-पाचदा. "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" म्हणतात आणि खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी मिशरी म्हणजे तंबाखू नव्हेच. म्हणून मी आता "सकाळी दाताला काय लावता?" असं विचारतो.

मिशरीने हिरडी बधिर होते, म्हणून बरं वाटतं. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, म्हणून तलफ लागते. चोळण्याच्या जागी हिरडी झिजून मूळ उघडं पडतं. कर्करोगाचा धोका आहेच. शुगर आणि मिशरी एकत्र आली की हिरड्यांना सावरायला काही उरत नाही. एकदम सुटत नसेल तर वेळा कमी करत जा, आणि चोळून झाल्यावर मऊ ब्रश व पेस्ट सुरू करा. सुनेने डबी लपवून काही होत नाही, दुसरी डबी येते. समोर बसून बोलावं लागतं.

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात म्हणे.

या एका समजुतीने किती दात गेले असतील देव जाणे.

वर्षानुवर्षं साचलेलं कीटण सिमेंटसारखं दातादातांमध्ये भरलेलं असतं. हाड कधीच झिजलेलं असतं, पण कीटणाने दात एकमेकांना बांधून धरलेले असतात. ते काढलं की दात होता तेवढा हलताना कळतो, आणि ज्या फटी बुजलेल्या होत्या त्या जिभेला लागतात. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, त्यामुळे थंड पाणी काही दिवस झिणझिणतं. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. थोडे हलणारे दात हिरडी घट्ट झाल्यावर पुष्कळदा पुन्हा सावरतात.

खिसे खोल असतील तर वरवरची सफाई पुरत नाही. भूल देऊन मुळावरचं कीटण काढावं लागतं, एका बसणीत अर्धं किंवा पाव तोंड. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा खिसे मोजायचे. जिथे कमी झाले नाहीत तिथे छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. मधुमेह्याने त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी दाखवावं, सहा महिने फार होतात. "एकदा करून घेतलं, आता सुटलो" असं या आजारात नसतं. शुगरसारखंच आहे ते.

दात काढायचा आहे. शुगर किती हवी? आणि उपाशी यायचं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: उपाशी अजिबात नको. रोजचा नाश्ता करा, रोजची गोळी किंवा इन्सुलिन घ्या आणि सकाळच्या वेळी या. लोकांच्या डोक्यात रक्त तपासणीचं "उपाशीपोटी" घट्ट बसलंय, ते इथेही लावतात. संकष्टीच्या दिवशी तर हमखास. एक बाई सकाळी गोळी घेऊन, फक्त चहा पिऊन आल्या. चंद्रोदयाशिवाय काही खायचं नव्हतं. खुर्चीत बसल्यावर दहा मिनिटांत घाम, हात थरथर, बोलणं असंबद्ध. शुगर ५४. भूल दिलेलीही नव्हती. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, वर आली. दात दुसऱ्या दिवशी काढला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही.

आता किती हवी. त्या दिवशीची शुगर २०० च्या आत असेल तर साधा दात काढायला मी कचरत नाही. त्याच्या वर असेल तर घाई आहे का ते बघतो. घाई नसेल तर तुमच्या शुगरच्या डॉक्टरांशी बोलून आठ-पंधरा दिवस थांबतो. पण गालावर सूज आहे, पू आहे, आणि शुगर ३०० वर आहे अशा वेळी "आधी शुगर उतरवून या" म्हणून रुग्णाला माघारी पाठवणं मला पटत नाही. पुवामुळेच शुगर चढलेली असते. पू काढून दिल्याशिवाय ती उतरणार कशी? अशा वेळी दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून एकाच दिवशी दोन्ही कामं सुरू करायची असतात. हा फोन होत नाही आणि रुग्ण दोन दवाखान्यांमध्ये हेलपाटे घालत राहतो.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. फक्त सांगा.

एचबीएवनसीचा कागद दाताच्या डॉक्टरला कशाला दाखवायचा?

कारण ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी आहे आणि तिच्यावरून तुमच्या हिरड्या पुढे किती वेगाने बिघडतील याचा अंदाज बांधतात. २०१८ मध्ये हिरड्यांच्या आजाराचं जे नवं जागतिक वर्गीकरण प्रसिद्ध झालं, त्यात ७ टक्के ही रेघच आखली आहे. मधुमेह आहे आणि एचबीएवनसी ७ च्या खाली असेल तर आजार मध्यम वेगाचा धरतात. ७ किंवा वर असेल तर झपाट्याच्या गटात टाकतात. इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) बसवायचं असेल तेव्हाही हाच कागद मागतात. मधुमेह्याला इम्प्लांट चालत नाही हे खोटं आहे, पण शुगर मोकाट असताना बसवणं म्हणजे ओल्या मातीत खांब रोवणं.

हिरड्या एवढ्या फुगल्यात की दात अर्धे झाकले गेलेत. शुगरमुळेच ना?

बीपीची गोळी कोणती घेता ते आधी सांगा. ॲम्लोडिपिन, निफेडिपिन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात, आणि शुगरवाल्यांपैकी पुष्कळांना बीपीही असतो. फिट्सच्या फेनिटॉइन गोळीनेही तसंच होतं. थर जितका जास्त तितकी वाढ जास्त, त्यामुळे सफाईने बराच फरक पडतो. गोळी बदलता येईल का हे फिजिशियन ठरवतील. तुम्ही ठरवू नका.

तोंड सतत कोरडं पडतं, जिभेची आग होते.

शुगर जास्त असली की लघवी वाढते, शरीरातलं पाणी कमी होतं, लाळही घटते. काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे दात किडणं जास्त, विशेषतः मुळाजवळ. जिभेवर किंवा टाळूवर खरवडल्यावर निघणारा पांढरा थर असेल तर ती कॅन्डिडा बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं असतं. घोट-घोट पाणी प्या, साखर नसलेलं च्युइंगगम चघळा. खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी तोंडात धरून ठेवणारे मधुमेही मी पाहिलेत, त्यांना काय म्हणावं?

रात्री शुगर उतरली म्हणून साखर खाल्ली असेल तर बरं वाटल्यावर चूळ भरून झोपा. ही गोष्ट कुणी सांगत नाही.

लवंगेचं तेल, हळद-मीठ, तेलाच्या गुळण्या, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. यांतलं काय चालतं?

कोमट मीठपाण्याच्या गुळण्या चालतात, सूज असताना आराम पडतो. लवंगेचं तेल दाताच्या कळेवर तात्पुरतं ठीक, पण हिरडीवर थेट लावलं की चट्टे पडतात. तेलाच्या गुळण्यांनी नुकसान नाही, पण ब्रशऐवजी नकोत. खरखरीत मीठ आणि राखुंडी रोज घासली की मुळं झिजतात. कडुनिंबाची काडी चावून मऊ करून वापरणारे लोक दात बऱ्यापैकी स्वच्छ ठेवतात हे मी मान्य करतो, फक्त मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोचत नाही, आणि आजार तिथेच सुरू होतो. व्हिटॅमिन सीची खरी कमतरता असेल तरच त्या गोळीने रक्त थांबेल. कीटणावर ती काही करत नाही.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश चांगलं आहे, पण दोन आठवड्यांपुरतं. महिनोन्‌महिने वापरलं की दात तपकिरी होतात आणि चहाची चव जाते. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

हिरड्या बघून शुगर ओळखता येते का?

ओळखता येत नाही, संशय घेता येतो. वय पस्तीस-चाळीस, तोंड फारसं अस्वच्छ नाही, आणि तरी ठिकठिकाणी हिरडीला गळवं? मी रक्त तपासायला पाठवतो. दरवेळी शुगर निघतेच असं नाही, पण अनेकदा निघते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावरचे लोक आहेत. सगळ्या राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तिथे दाताच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक चौथ्या प्रौढाला शुगर असू शकते. बोटाला सुई टोचून बघायला मिनिट लागतं.

बायको गरोदर आहे, शुगर निघाली आहे. आता दातांना हात लावायचा नाही ना?

लावायचा. गरोदरपणात हिरड्या संप्रेरकांमुळे आधीच लवकर सुजतात, त्यात शुगर. स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं, सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण दुखत असेल तर कधीही या. बाळंतपणापर्यंत थांबा असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात ते काळजीपोटीच, फक्त ते बरोबर नाही.

मुलगी अकरा वर्षांची आहे, टाइप १. तिलाही?

हो, मधुमेही मुलांमध्ये हिरड्यांचे बदल लवकर दिसू शकतात. दर सहा महिन्यांनी दाखवा, आणि रात्रीचा ब्रश इन्सुलिनइतकाच पक्का करा.

तातडीने कधी धावायचं?

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला त्रास, ताप, थंडी: दाताच्या दवाखान्यात थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणखी एक. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, पाहिला. त्यातले बहुसंख्य रुग्ण शुगर बेफाम असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले होते, आणि कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. पुष्कळ जण आधी दाताच्याच डॉक्टरकडे गेले होते, कारण सुरुवात वरच्या दाढा दुखून, हलून झाली. लाट गेली, बुरशी गेलेली नाही. वरच्या एका बाजूचे दोन-तीन दात काही दिवसांत अचानक हलायला लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसला, नाकातून काळपट स्राव आला, तर पायोरिया समजून बसू नका. एक दिवसही नाही.

खाजगीत खर्च परवडत नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च अगदी कमी. विद्यार्थी काम करतात म्हणून बिचकू नका. मागे शिक्षक उभे असतात, आणि विद्यार्थी एका दातावर माझ्यापेक्षा दुप्पट वेळ देतो. गर्दी असते, एक दिवस मोडतो. खासगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात.

बाबांच्या दाढा सगळ्या गेल्यात. आता हिरड्यांचं काय बघायचं?

बाबा जेवतात काय ते बघा. दाढा गेल्या की पहिल्यांदा ताटातून काकडी-गाजर जातं, मग शेंगदाणे, मग ज्वारीची भाकरी. त्यांच्या जागी येतो मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. घरच्यांना वाटतं म्हातारपणी जेवण कमी झालं, आणि शुगर का वाढतेय ते कळत नाही. आहारतज्ज्ञ कडधान्यं आणि सॅलड लिहून देतात, पण ते चावणार कशाने हे कुणी विचारत नाही.

म्हणून कवळी करून घ्या, आणि ती सैल झाली तर "चालतंय" म्हणून सोडू नका. सैल कवळीने हिरडीला जखम होते आणि मधुमेह्याची ती लवकर भरत नाही. रात्री कवळी काढून, साध्या ब्रशने धुऊन, पाण्यात ठेवायची. चोवीस तास तोंडात राहिली की तिच्याखाली टाळू लालभडक होते, बुरशी धरते. उरलेले पुढचे दात असतील तर त्यांना रोज मऊ ब्रश, आणि दात नसलेल्या हिरडीवरही ओल्या कपड्याने हलका हात फिरवायचा. पुढच्या वेळी बाबांना घेऊन याल तेव्हा त्यांच्या गोळ्यांची पाकिटं, शेवटचा एचबीएवनसीचा कागद आणि कवळी, तिन्ही आणा. कवळी बहुतेक जण घरीच डबीत विसरून येतात.